घसाऱ्यावर ठेवलेला देव

वारज्याच्या चंपाताई परचुऱ्यांना नवऱ्याच्या नास्तिकपणाचा राग नव्हता. देव मानू नका, पण मग दगडांची एवढी भक्ती कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. रामदासराव स्कूटरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि जीवाश्म शोधायला सिंहगडाच्या घसाऱ्यावर, म्हणजे कड्याखालच्या सुट्या दगडांच्या उतारावर, जाऊ लागले. सिंहगड सगळा लाव्हाचा, तिथे जीवाश्म मिळणं जवळजवळ अशक्य, असं एका प्राध्यापकाने त्यांना भर सभेत सुनावलं होतं. पुण्याच्या माणसाला एवढं कारण पुरतं. "एक सापडू दे, त्याच्या टेबलावर ठेवतो आणि घरी बसतो," असं ते म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात ते घसरले. गुडघ्याचा भोपळा झाला. पुढच्या वेळी खुबा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. चंपाताईंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याने तर रामदासरावांची प्रकृती सुधारली आणि ते पुन्हा हातोडी घेऊन निघाले.

देवघरात चंपाताईंच्या वडिलांनी दिलेला शाळिग्राम होता. बायकांनी त्याला शिवू नये म्हणतात. पण घरातला पुरुष तिकडे फिरकतच नाही म्हटल्यावर त्याच त्याला रोज न्हाऊ घालत. शाळिग्राम म्हणजे समुद्रातल्या कुठल्याशा प्राण्याचा जीवाश्म, हे रामदासरावांनीच एकदा त्यांना डिवचायला ऐकवलं होतं. घरातला मात्र त्यांनी कधी नीट पाहिलाही नव्हता.

"इतकी वर्षं फुकट आंघोळी केल्यात," चंपाताई देवाला म्हणाल्या, "आता जरा कामाला लागा."

रविवारी डबा घेऊन त्याही गडावर गेल्या. रामदासराव वर कपारीशी ठोकाठोक करत होते तेव्हा चंपाताईंनी त्यांच्या उतरायच्या वाटेवर शाळिग्राम ठेवला. वडिलांची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे उरली होती. ती प्राध्यापकाच्या टेबलावर जाणार, या विचाराने त्यांना भडभडून आलं. पण खुबा वडिलांपेक्षा महत्त्वाचा होता.

रामदासराव खाली येताना थबकले. वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग दगड रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि घरची वाट धरली. घरात शिरले ते थेट देवघराशी गेले आणि शाळिग्राम ताम्हनात ठेवला.

"प्राध्यापकाकडे नाही नेणार?" चंपाताईंनी कसंबसं विचारलं.

"नेला असता. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी तुळशीच्या ताज्या पानावर बसलेला सापडला, हे त्याला कसं पटवू?"

चंपाताईंनी तोंडाला पदर लावला. "नुसत्या दगडावर कसं ठेवायचं हो त्याला?"

रामदासरावांनी हातोडी माळ्यावर टाकली, पिशवीतला बारीक ब्रश काढला आणि शाळिग्रामाच्या खोबणीत साचलेलं गंध साफ करायला बसले.

तेव्हापासून रोज सकाळी शाळिग्रामाला आंघोळ तेच घालतात. ही पूजा नसून नमुन्याची देखभाल आहे, असं आल्यागेल्याला बजावतात. चंपाताई वाद घालत नाहीत. फक्त पाणी गरम करून देतात आणि शेजारी तुळशीचं पान ठेवतात.