वीस मिनिटांवरचा धबधबा

जगातले सगळे समुद्र पालथे घालून शेवटी एका पंधरा फुटांच्या धबधब्यावर जीव टाकणारा माणूस आख्ख्या मालवण तालुक्यात शोधला तरी एकच सापडेल, आणि तो आमच्या शेजारच्या घरात राहतो. हे माझ्या वडिलांचे मावसभाऊ, म्हणजे माझे काका. तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर सुकाणी होते. बोटीचं चाक हातात धरून समोर बघत तासन् तास उभं राहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन मसुऱ्याला परतले ते समुद्राशी कायमची कट्टी करूनच. देवबागला त्यांच्या मेहुण्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. तिथल्या अंगणातून समुद्र बघायला लोक कुठून कुठून येतात. काका तिथे गेले की खुर्ची उलटी फिरवतात आणि माडाच्या बुंध्याकडे तोंड करून चहा पितात. एकदा मी न राहवून कारण विचारलं. "तीस वर्सां मी तेका बघलंय," काका म्हणाले, "आता तेणा माझी पाठ बघूक व्हयी."

गोड्या पाण्याचं मात्र त्यांना वेड. आमच्या घरामागे जो डोंगर आहे त्याच्या पलीकडच्या अंगाला, काजूच्या बागा संपून दाट रान सुरू होतं तिथे हा धबधबा आहे. डोंगराला वळसा घालून गाडीने वीस मिनिटं लागतात. गाडी थेट रानाच्या तोंडाशी जाते. पुढे पायवाट, तीही अशी सपाट की लुगडं नेसलेली म्हातारी हातातली पिशवी खाली न ठेवता जाऊन येईल. वाटेत एक ओढा लागतो, त्यात पायाचा घोटाही बुडत नाही. पण काकांच्या लेखी ही सफरच. आदल्या संध्याकाळी ते सगळ्यांना ओटीवर जमवतात आणि कोण कुणाच्या मागून चालणार ते ठरवतात. बरोबर दोरखंड असतो, विजेरी असते, लिंबं, कोरडे टॉवेल, हळदीची पुडी आणि एक शिट्टी. भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा ते एका कागदावर लिहून आणतात. त्या वेळांचा धबधब्याशी संबंध काय, हे विचारायची आमची कुणाची छाती नाही.

माणसं मोजणं हा या सफरीतला सगळ्यांत गंभीर भाग. निघताना मोजायची, ओढ्यापाशी मोजायची, पोचल्यावर मोजायची. एका पावसाळ्यात आम्ही नऊजण निघालो आणि ओढ्यापाशी दहा भरले. काकांनी तीनदा मोजलं. दहाच. शेवटी उलगडा झाला की मागून येणाऱ्या कोल्हापूरच्या कुणा कुटुंबातले एक गृहस्थ काकांची शिट्टी ऐकून घाबरून आमच्याच रांगेत उभे राहिले होते. काकांनी त्यांना बाहेर काढलं नाही. एकदा मोजलेला माणूस सोडायचा नाही, हा त्यांचा बोटीवरचा नियम. त्या गृहस्थांनी आमच्याबरोबर तांदळाचे घावणे खाल्ले, काकांनी ठरवून दिलेल्या पाळीप्रमाणे पाण्याखाली उभे राहिले, आणि जाताना काकांच्या पाया पडले.

धबधब्याला कुणी लहान म्हटलेलं काकांना खपत नाही. माझ्या एका मित्राने फोन वर धरला, चित्रण केलं आणि सहज म्हणाला, "एवढासाच आहे होय!" काकांनी शिट्टी तोंडातून काढली. "तुमका धबधबो बघूचो आसा काय मापूचो?" परतीच्या वाटेवर त्यांनी त्या मित्राला मोजलं नाही, ही शिक्षा. परदेशातला एक जगप्रसिद्ध धबधबा काकांनी स्वतः पाहिला आहे, आणि त्याबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. "तीन तास रांगेत उभो रवलंय. वर प्लास्टिकचो कोट घातलंय. मगे लांबसून बघलंय. हयसर बघ, पाठ लावन बसाक गावता!" असं म्हणून ते खरोखरच धारेला पाठ लावून बसतात आणि डोळे मिटून घेतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही. पावसाळा सरून पाणी आटतं, तेव्हाही त्यांचा नेम चुकत नाही. भराडी देवीच्या जत्रेला फेब्रुवारीत पाहुणे आले की त्यांना घेऊन जातात, कोरड्या ठणठणीत कातळासमोर उभं करतात आणि बोट वर करून सांगतात, "हयसून पाणी पडता." पाहुणे बिचारे मान हलवतात.

गेल्या श्रावणात माझ्या शाळेतले दोन सहकारी शिक्षक बायकामुलांना आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या नातेवाइकांना घेऊन आमच्याकडे आले. अर्थातच सफर ठरली. सकाळी काका अंगणात माणसं मोजत होते आणि स्वयंपाकघरात काकी बिड्यावर, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्यावर, घावणे घालत होती. प्रत्येक सफरीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी काकीच्याच हातची. डबे भरता भरता एका शिक्षकाच्या बायकोने सहज विचारलं, "काकू, तुम्ही कुठे बसता हो तिथे? खालच्या कातळावर की वर?"

"मी खंय गेलंय कधी?" काकी म्हणाली आणि घावणा उलटला.

दार उघडंच होतं. अंगणातली मोजणी सातावर थांबली. काका आत आले. "म्हंजे? तू धबधबो बघूक नाय?"

"नाय."

"इतक्या वर्सांत?"

"मगे घावने कोण घालतला?" काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी तशी ती म्हणाली. पण काकांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "तुमी जावा. वाट सोपी आसा," म्हणाले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले.

त्या दिवशी आम्ही न मोजता गेलो, हवे तितके भिजलो, आणि कुणालाच काही मजा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची हाक आली. काकीला न्यायचं होतं; तिचे गुडघे दुखतात, म्हणून आधाराला काका तिच्या शेजारी बसणार आणि गाडी मी चालवायची. मी गेलो तर स्वयंपाकघरात धूर. काका बिड्यासमोर घामाघूम उभे होते आणि काकी दारात, तोंडाला पदर लावून. वादळात बोट सरळ ठेवणाऱ्या माणसाला एक घावणा बिड्यावरून सुटा करता येत नव्हता. शेवटी जे काही निघालं ते त्यांनी डब्यात भरलं. त्याला घावणा म्हणणं धाडसाचं होतं.

पायवाटेवर काका काकीच्या शेजारून चालत होते. हात धरायचा होता, पण मी मागे होतो. मी चपलेचा पट्टा बसवायचं निमित्त करून थांबलो, तेव्हा त्यांनी तो धरला. काकीने मात्र दहा पावलांवर सोडवून घेतला, कारण कडेला टाकळ्याची कोवळी भाजी दिसली. मग फोडशी दिसली. चार मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला, काकांचं लक्ष दोनदा घड्याळाकडे गेलं, पण ते एक अक्षर बोलले नाहीत.

धबधब्यासमोर काकी उभी राहिली. काका तिच्याकडे बघत होते, निकाल लागायच्या दिवशी मुलं फळ्याकडे बघतात तसे. काकीने वरून खालपर्यंत पाहिलं, मग खालून वरपर्यंत.

"एवढोच?" ती म्हणाली. "तुमी सांगत हुतात ता आयकान माका वाटलेला, केदो तरी असतलो!"

काका असे हसले, की झाडावरची पाखरं उडाली. हसता हसता त्यांना खोकला आला, मग काकीही हसायला लागली, आणि हसत हसतच भाजीची पिशवी माझ्याकडे देऊन ती अंगावरच्या लुगड्यानिशी धारेखाली जाऊन उभी राहिली. नाही नाही म्हणता बराच वेळ. काकांनी पाळी संपल्याचं सांगितलं नाही.

नंतर दोघं कातळावर पाण्यात पाय सोडून बसली. काकांचे ते घावण्याचे तुकडे काकीने खाल्ले, वर "मीठ बरा पडला" असंही म्हणाली. मग खाता खाता एकदम थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

"हो आवाज माका ठावक आसा," ती म्हणाली. "पावसात घराकडे येता. डोंगराच्या मागसून."

"येतलोच. सरळ गेल्यार लांब खंय आसा?" काका म्हणाले.

"माका वाटायचा, दर्यो." काकी पाण्याकडे बघत होती. "तुमी बोटीर असताना हो आवाज वाढलो, की मी देवाकडे दिवो लावन बसलंय. वाटायचा, आता दर्यो खवाळलो. तुमची बोट खंय असतली."

पाणी पडत होतं. काका म्हणाले, "पत्रात लिवक व्हया हुता तुया."

"लिवन काय केला असतात? बोट फिरवलात असती?"

काकांनी मान खाली घातली. "फिरवलंय असती," ते म्हणाले, पण इतक्या हळू, की त्यांच्या या बाजूला बसलेल्या मला ते कसंबसं कळलं, पाण्याच्या आवाजात काकीला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

काकांनी तिच्या खांद्यावर चिकटलेलं ओलं पान काढून पाण्यात सोडलं, आणि ते वाहत वळणाआड जाईपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.