पाहणीपत्रकातलं पडीक रान

शेषेराव तलाठ्यांचं अक्षर उदगीर तालुक्यात नावाजलेलं होतं. बोरगव्हाणचे म्हातारे निजामाच्या काळातल्या सवयीनं त्यांना पटवारीच म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा. कुणाच्या घरी चहा घेतला तरी ओशाळून जायचा. त्यांची बदली झाली की गावातले चारजण तालुक्याला जाऊन, साहेबाच्या दारात बसून, ती रद्द करून आणत. असं करत अठरा वर्षं ते एकाच चावडीत बसले.

एवढ्या सरळ माणसानं आयुष्यात एकच खोटं लिहिलं. आणि लिहिलं ते सलग बारा वर्षं!

त्याचं असं झालं. बहात्तर साली सगळं शिवार करपून गेलं. हिरवं राहिलं ते फक्त ओढ्याकाठचं चाळीस एकर खोलगट रान. त्या काळ्या मातीत खाली कुठंतरी ओल टिकून होती, आणि अकरा घरांची ज्वारी तिथं कशीबशी कमरेला लागली होती. त्या साली सरकार लेव्ही वसूल करत होतं. ज्याच्या नावावर जितकी ज्वारी उभी, त्या मानानं धान्य सरकारात घालायचं. कुठं किती पीक उभं आहे ते तलाठ्यानं रानोरान फिरून पाहणीपत्रकात लिहायचं, आणि तेवढ्या कागदावर लेव्हीचे लोक गाडी घेऊन दारात यायचे.

शेषेराव पाहणीला आले तेव्हा बांधावर रत्नम्मा उभी होती. नवरा नसलेली, पाच एकरांची मालकीण, तोंडानं फटकळ आणि हातानं मोकळी.

"काय लिवलाव, पटवारी?" तिनं विचारलं.

"पडीक," शेषेराव म्हणाले, आणि पेनचं टोपण लावलं.

रत्नम्मानं एकदा ज्वारीकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि खुरपायला बसली. ती ज्वारी अकरा घरांनी कोठारात दडवली नाही, गावभर वाटून खाल्ली. म्हणून बोरगव्हाण जगलं. मला विचाराल तर सरकारी कागदावर इतकं चांगलं काम क्वचितच झालं असेल.

पुढं पाऊस आला, काही वर्षांनी लेव्हीही गेली. पण नोंद दुरुस्त कशी करायची? परवापर्यंत पडीक होतं ते रान आज एकदम पिकाऊ कसं झालं, असं कुणी विचारलं तर? शेषेराव दर साली गेल्या सालाचं पाहून त्याच सुंदर अक्षरात 'पडीक' लिहीत राहिले.

मग ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. सगळ्यांनाच आनंद झाला, कारण आता कलेक्टर कचेरीसाठी उस्मानाबादपर्यंत धूळ खात जायला नको. नव्या जिल्ह्याला नवे कारखाने हवे होते, त्यासाठी जागा हव्या होत्या. आराखडा करणाऱ्या साहेबांनी ठरवलं की पिकाखालची जमीन घ्यायची नाही, पडीकच घ्यायची. किती चांगला विचार! कागद चाळता चाळता त्यांना बोरगव्हाणची चाळीस एकर सापडली. बारा वर्षं पडीक, आणि शेजारी ओढा. रंगाच्या कारखान्याला याहून बरी जागा कोणती?

चौऱ्याऐंशी साली हरकती मागवणारी नोटीस चावडीवर लावायला आली, ती शेषेरावांच्याच हातात. सर्व्हे नंबर वाचले, ते त्याच ओढ्याकाठच्या रानाचे होते. तरीही त्यांनी नोटीस डकवली आणि दवंडीही दिली, एकदा नव्हे, दोनदा. निवृत्तीला सहा महिने उरले होते. खोटी नोंद उघडी पडली असती तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार, आणि त्यांना सगळ्यात जास्त जपावंसं वाटणारं नाव जाणार. हे त्यांना कळत होतं, आणि गावालाही.

ते सरळ रत्नम्माच्या दारात गेले.

"अक्का, सुनावणीत मी खरं सांगून टाकतो."

"काई सांगायचं न्हाई," ती कडाडली. "सा महिने ऱ्हायलेत तुमचे. गप बसा."

"आणि रान?"

"रानाचं आमी बघू."

गावानं त्याच दिवशी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की पटवाऱ्याचं नाव कुणी काढायचं नाही. हरकत घ्यायची ती फक्त ओढ्याच्या पाण्याची. घाण पाणी ओढ्यात आलं तर गुरं काय पितील, विहिरींचं काय होईल, एवढंच बोलायचं.

सुनावणी चावडीतच झाली. ती घ्यायला आलेला साहेब तरुण होता, कामसू होता, मनानं वाईट नव्हता. त्यानं पाण्याची हरकत लिहून घेतली. "सांडपाणी शुद्ध करूनच सोडणार आहेत, तसं कागदावर आहे," म्हणाला. "बाकी पिकाचं नुकसान तर काहीच नाही. बाई, तुम्ही सांगा, तुमच्या रानात पीक घेता का?"

रत्नम्मा काढणी टाकून आली होती. डोक्यावरच्या पदराला ज्वारीचा भुसा होता.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "पडीकच हाय. नुसते दगडं हाईत."

स्वतःचं रान ती बाई असं उचलून देत होती. शेषेराव उठले.

"साहेब, बाई खोटं बोलतात. रान काळंभोर आहे. पडीक मी लिहिलं. बहात्तर सालापासून."

"याच्या डोस्क्याला ऊन लागलंय साहेब!" रत्नम्मा ओरडली. "लई दिवसाचा आजार हाय. तुमी नका ऐकू!"

साहेब उठून थेट ओढ्याकडं गेला. अर्ध्या रानात काढणी झालेली, अर्ध्यात ज्वारी त्याच्या डोक्यावरून उंच. पुढं ते चाळीस एकर आराखड्यातून वगळलं गेलं. शेषेराव निलंबित झाले, चौकशी तीन वर्षं चालली, पेन्शन मिळाली ती कापून. त्याची मला आजही चीड येते. ज्या नियमानं रान वाचलं त्याच नियमानं माणूस भरडला, आणि दोन्ही कागदांवर सही एकाच कचेरीची.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी रानातून परत आल्यावर साहेबानं शेषेरावांचा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"या खोट्या नोंदीचा फायदा कुणाला झाला?"

अकरा घरांतली माणसं खाली बघू लागली. नाव निघालं असतं तर लेव्ही चुकवल्याचा जुना गुन्हा त्यांच्या अंगावर आला असता.

"मला," शेषेराव म्हणाले.

"काय मिळालं तुम्हाला?"

"भाकरी मिळाली, साहेब. त्या साली माझ्या लेकरांनी खाल्ली ती ह्याच रानाची. पगारावर बाजारात दाणा मिळत नव्हता. लिहा तसं."

साहेबाचं पेन थांबलं. तेवढ्यात रत्नम्मा पुढं आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"मंग माझं बी नाव लिवा," ती म्हणाली. "भाकरी मी थापल्या व्हत्या."