खडशीची चढण

आंदर मावळातल्या एका गावात अल्लाउद्दीनचं किराणा दुकान आहे. त्याची थोरली लेक मेहरुन पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे. नदीच्या कुठल्या पट्ट्यात कोणता मासा नांदू शकेल, हे ती संगणकावर मांडून सांगते. "आमची पोरगी माशांना स्थळं बघती," असं अल्लाउद्दीन गिऱ्हाइकांना सांगायचा. मेहरुनला ते वर्णन मनापासून आवडायचं.

खडशी हा डोंगरी नद्यांतला मोठ्या खवल्यांचा मासा. मावळात तो विरळ झाला होता. मेहरुनने दोन उन्हाळे ओढ्यांत पाय बुडवून काढले. पाणी किती गार, तळाला गोटे की गाळ, काठावर सावली किती, वैशाखात डोहात पाणी किती उरतं, सगळं मोजलं. खडशी कुठे सापडते आणि कुठे नाही, तेही संगणकाला भरवलं. त्यावरून संगणकाने अख्ख्या खोऱ्याचा नकाशा रंगवला. जागा माशाला जितकी मानवणारी, तितका रंग गडद हिरवा. सगळ्यात गडद निघाला तिच्याच गावच्या वरचा उंबराचा डोह.

तिथे तिने जाळं लावलं. झिंगे आले, बारीकसारीक मासे आले. खडशी एकही नाही.

"संगणकाचं मॉडेल या डोहापुरतं चुकलंय," तिचे वरिष्ठ गौरवसर म्हणाले. "नकाशातला हा पॉइंट वगळ आणि शोधनिबंध पाठवून दे."

"सर, डोह चांगलाच आहे. मासा तिथे का नाही, ते मला शोधू द्या."

आषाढात ओढा फुगला. या दिवसांत मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. मेहरुन काठाकाठाने खालून वर निघाली आणि गावाजवळच्या सिमेंटच्या बंधाऱ्याशी थबकली. पुरुषभर उंच भिंत. पायथ्याशी मासे उसळी मारत होते, भिंतीवर आपटून पुन्हा पाण्यात पडत होते. शेजारचे रखमाजी आबा जाळं फेकून ते सहज काढत होते. जाळ्यात खडशी होती.

"आबा, ही दरवर्षी येते?"

"व्हय, येती की. पर हितवरच. म्होरं कुटं जाईल?"

मेहरुन भिजत तशीच उभी राहिली. तिच्या नकाशात पाणी होतं, गोटे होते, सावली होती; भिंत तेवढी नव्हती. स्थळ उत्तम होतं, पण वाटच बंद होती. तिला हसू आलं.

ग्रामसभेत तिने विषय काढला तेव्हा पहिले रखमाजीच उठले. "भिंतीला हात लावायचा न्हाई. उन्हाळ्यात गुरं काय पितील?"

"हात लावायचाच नाही आबा. खालच्या अंगाने मोठे दगड रचून माथ्यापर्यंत उतार करू. त्यावरून मासा टप्प्याटप्प्याने चढेल. तुमचं पाणी तेवढंच राहील."

"आन आमचं जाळं?"

"आषाढात त्या उतारावर नको. बाकी वर्षभर टाका."

"मासा न्हाई चढला तर?"

"चढेल," ती म्हणाली. जमलेल्यांना ती पोरगी नवी नव्हती, पण तो आवाज नवा होता. "बरं, एक पावसाळा बघू," रखमाजी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात गावाने दगड रचले. श्रावणातल्या लोंढ्यात त्यातले काही वाहून गेले. ते माणसांनी पुन्हा बसवले. दिवाळीनंतर पाणी निवळलं, तेव्हा गौरवसर स्वतः आले. उंबराच्या डोहातून जाळं वर आलं, तर त्यात बोटाएवढी खडशीची पिल्लं चमकत होती. सर ओणवे होऊन एकेक पिल्लू निरखू लागले.

"पॉइंट राहू दे," ते म्हणाले.

मेहरुनने पिल्लं पाण्यात सोडली. त्याहून वरच्या डोहात मात्र काहीच मिळालं नाही. मध्ये आणखी एक बंधारा होता. सोबत आलेल्या रखमाजींनी तो खालून वर न्याहाळला.

"हितं दगड लय लागत्याल," ते म्हणाले, आणि कुठल्या शेताच्या बांधावरचे आणता येतील ते मेहरुनला सांगू लागले.