ताटाच्या कडेचा देठ

आईने जेवण सोडलं तेव्हा आधी मला तिचा रागच आला. वडील गेल्यावर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून मी तिला रोह्याला माझ्या घरी आणलं होतं. मला भाऊ नाही, त्यामुळे विचार करायला काही नव्हतंच. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग आठवण तिला दगा द्यायला लागली, आणि एक दिवस तिने समोरचं ताट हाताने बाजूला सारलं.

"भूक नाय गो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, जावयाच्या घरी किती खायचं हे तिच्या मनाने घेतलं असणार. त्या पिढीतल्या बायका स्वतःचं नाव विसरतील, पण मान-अपमान विसरणार नाहीत.

डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. पेजसुद्धा पोटात जात नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ह्या अंगाला ती कितपत सोसेल सांगता येत नाही, म्हणाले. येताना रिक्षात मी रडले. आई शेजारी बसून पुलाखालची कुंडलिका नदी बघत होती.

तिला मनापासून आवडणारी भाजी एकच, भरलेली भोपळी मिरची. बुडत्याला काडीचा आधार, तशी मी त्या मिरचीला धरून बसले. शेजारच्या वहिनी नागपूरकडच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सिमला मिरचीत बेसन भरतात, करून तर बघा." मी बेसन भरलं. आईने ताट सारलं. माझ्या सासूबाई घाटावरच्या होत्या, त्या हिला ढोबळी मिरची म्हणायच्या आणि दाण्याचं कूट भरायच्या. तेही केलं. ताट सारलं. त्या असताना ह्या तीन नावांवरून आमच्या गच्चीवर पापड वाळवताना मजेची भांडणं व्हायची, जिचं तिला आपलंच नाव खरं. आता कुणाचीच मिरची माझ्या आईच्या घशाखाली उतरत नव्हती आणि मला त्या नावांचा वीट आला होता.

शेवटी आईच्याच रीतीवर आले. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं आणि भाजलेला जवळा भरून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर मिरच्या शिजवल्या. सुक्या जवळ्याचा मासळी वास घरभर झाला. वहिनींनी त्यांची खिडकी लावून घेतली. आईने मात्र मान वर केली. मी घास पुढे केला तर म्हणाली, "हे जेवले काय?"

"कोण हे?" मी विचारलं.

तिने तोंड मिटलं. घास माझ्या हातातच राहिला.

माझा नवरा कंपनीत आहे. त्या दिवशी तो पहिली शिफ्ट करून आला आणि आईच्या पलंगाशेजारीच स्टूल ओढून जेवायला बसला. मध्येच फोन आला म्हणून अर्धी मिरची टाकून बाहेर गेला. मी पाणी घेऊन आत आले तर आईने त्याचं ताट मांडीवर ओढलं होतं आणि ती त्यात जेवत होती. जावयाचं उष्टं. भानावर असती तर जीव दिला असता तिने. मला आनंदही झाला आणि लाजही वाटली.

मग लख्ख आठवलं. वडील मिठागरावरून दुपारी यायचे, जेवायचे, मिरचीचा देठ दातांनी पार कोरून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि उठायचे. आई तेच ताट पुढे ओढायची आणि त्यातच वाढून घ्यायची. आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका असंच करायच्या. नवऱ्याच्या आधी जेवणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे इतके दिवस ही बाई उपाशीपोटी वडिलांची वाट बघत बसली होती, आणि मी तिच्यासमोर स्वच्छ घासलेली ताटं ठेवत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "मी जेवून ताट ठेवीन, त्यात काय." पेणहून आणलेलं वडिलांचं जर्मनचं, ॲल्युमिनियमचं ताट मी माळ्यावरून काढलं. त्याची शिफ्ट असेल त्या दुपारी मीच ओट्याशी उभी राहून त्या ताटात चार घास खायचे, भात इकडेतिकडे करायचे, कडेला देठ ठेवायचे आणि ताट आईकडे न्यायचे.

"हे जेवले काय?"

"जेवले."

मग ती जेवायची. तिच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं. वडिलांना रोज जेवू घालून मी तिला जगवत होते. मिरचीचा वाससुद्धा मला नकोसा झाला होता.

मग ती दुपार आली. मी घाईत होते. ताट पुढे ठेवलं, पण आईने ते ओढलं नाही. कडेचा देठ उचलून तिने बोटांत फिरवला. त्याला मिरचीचा हिरवा गर तसाच होता. तिचे डोळे इतके स्वच्छ मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते, आणि मला भीती वाटली.

"ह्यो देठ ह्यांचा नाय," ती म्हणाली. मग देठ ताटात ठेवून, "हे गेले ना गो?"

"नाय आये," मी म्हणाले. "आताच जेवून बाहेर गेले."

मला वाटलं, आता रडेल, ताट भिरकावेल.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. "दे."

मी घास केला. तिने तोंड उघडलं, चावला, कष्टाने गिळला. दुसराही घेतला. भूक तिला नव्हतीच, ती माझ्यासाठी खात होती. तिसऱ्याला तिने माझा हात धरला आणि तो घास माझ्याच तोंडाकडे वळवला.

"उद्या असलं ताट नको करूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून मी अष्टमी गावच्या बाजारात गेले. भाजीवाल्याने विचारलं, "ढोबळी देऊ?"

"भोपळी," मी म्हणाले. "पाव किलो."