अकराच्या दोरावर दहाची दोरी

सुट्टीच्या दिवशी माझे हात रिकामे राहत आणि त्यामुळे मीही जागेवर राहत नसे. जपानमधल्या ग्योतोकुतलं आमचं घर दोन खोल्यांचं. गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत एवढीच चालायला जागा. त्या वर्षांत पुण्याहून दर महिन्याला कुणी ना कुणी नव्यानं जपानला यायचं, शनिवारी एकमेकांकडे जेवणं व्हायची, पण तिथेही मी बसल्या जागी पाय हलवत राही. बायको म्हणायची, "अहो, पाहुण्यांना वाटतं तुम्हाला कुठली तरी गाडी पकडायचीय."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील तालुक्याच्या गावी वायरमन होते, खांबावर चढायचे. इंजिनिअरिंग, मग पुण्याची नोकरी, मग थेट जपान. हे सगळं इतक्या भराभर घडलं होतं, की कुणीतरी येऊन सगळं परत मागेल अशी धास्ती मनात असायची. म्हणून जो कुणी चार शब्द बरे बोलेल त्याचं काम मी जिवापाड करत असे.

ओजीसान त्यांतले पहिले. ओजीसान म्हणजे आजोबा. ते माझ्या ऑफिसातल्या सीनियरचे वडील. चिबा प्रांताच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव होतं. सीनियरनं एका शनिवारी मला तिकडे नेलं, आणि ओजीसाननी ताटात वाढलेलं सगळं मी संपवलं, एवढ्यावर आमची गट्टी जमली. त्यांची बोली मला निम्मीच कळायची. माझं जपानी त्यांना किती कळायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांचा सगळा जन्म सुगीच्या झाडांवर गेला होता. सुगी म्हणजे तिकडचं सरळसोट, उंच, सुरूसारखं झाड. त्याच्या खालच्या फांद्या छाटायच्या तर दोर बांधून वर चढावं लागतं. निवृत्त झाल्यावर ते रानडुकरांच्या मागे लागले, कारण डुकरं गावातली रताळी आणि भात उकरून खायला लागली होती. परवाना होता, बंदूक होती, पण गुडघे गेले होते. गावातले बाकीचे शिकारी कुत्री घेऊन डोंगर पालथा घालत. ओजीसान कमरेला आणि मांड्यांखाली एक रुंद पट्टा बांधून झाडावर दहा-बारा फूट चढत आणि तिथेच त्या पट्ट्यात बसून वाट बघत. खोगिरात बसावं तसं, पण खाली घोडा नाही, नुसती हवा. बाकीचे त्यांना म्हातारं घुबड म्हणत. ते म्हणत, "घुबडाला धाप लागत नाही."

या सगळ्या प्रकारात माणसाचा जीव दोन गोष्टींवर असतो. एक, खोडाला वेढलेला मुख्य दोर. दुसरी, त्या दोरावर तीन वेढे घालून बांधलेली बारीक दोरी, जिचं टोक पट्ट्याला अडकवलेलं असतं. बारीक दोरीची ती गाठ हातानं सरकवली तर सरकते आणि अंगाचं वजन पडलं की दोराला चावते. ओजीसानचा शब्दही तोच होता, चावते. ती चावली नाही तर माणूस खाली.

त्या हिवाळ्यात त्यांचा दोर बदलायला आला होता. गावच्या दुकानात शेतीचे दोर मिळत, चढाईचे नाही. माझं ऑफिस गिर्यारोहणाच्या दुकानांपासून चालत दहा मिनिटांवर होतं. ओजीसान म्हणाले, मुख्य दोर अकरा मिलिमीटरचा आण. गाठीची दोरी किती जाडीची आणू, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्याहून बारीक, तुझ्या अंदाजानं आण.

माझ्या अंदाजानं! सत्तरी ओलांडलेला माणूस आपला जीव माझ्या अंदाजावर सोडत होता, आणि मी त्या मानानं फुगून गेलो. अंदाज म्हणजे काय, हे मला माझ्या शिक्षणानं शिकवलं होतं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एका बाजूला सहापासून दहापर्यंत जाडी, दुसऱ्या बाजूला किती वजनाला ती दोरी तुटते ते. आठपेक्षा नऊ बळकट, नऊपेक्षा दहा. अकरापेक्षा बारीक हवी ही त्यांची अट, म्हणजे अटीत बसणारी सर्वांत बळकट दोरी दहाची. नुसतं पास होता येत असताना डिस्टिंक्शनच्या मागे लागलेल्या मुलानं दुसरं काय काढलं असतं? दुकानातला माणूस हळू आवाजात म्हणाला, या अकराला आठ पुरे होते. मला वाटलं, माझ्या कपड्यांकडे बघून तो मला साधी वस्तू दाखवतोय. मी नम्रपणे मान लववून दहाच मागितली. सरावासाठी दोन्हींचा दीड-दीड मीटर तुकडा स्वतःलाही घेतला. ओजीसानचा माल कुरिअरनं रवाना झाला.

शनिवारी सकाळी घरात करमेना म्हणून मी ते तुकडे घेऊन जवळच्या बागेत गेलो. तिथे मुलांच्या लोंबकळायच्या लोखंडी दांड्या होत्या. एका दांडीला अकराचा तुकडा बांधून खाली सोडला, त्याच्यावर दहाच्या दोरीची गाठ घातली आणि तिच्या टोकाच्या फासात पाय ठेवून उभा राहिलो. गाठ चावली नाही. ती सरळ घसरत आली आणि मी वाळूत बसलो. झोपाळ्यावरच्या दोन मुली खिदळल्या. मी पुन्हा बांधली. वेढे नीट एकाशेजारी एक लावले. पुन्हा तेच झालं. चौथ्या खेपेला मला कळलं, की जाड दोरी कडक असते, ती दुसऱ्या दोराला आवळून धरूच शकत नाही. गाठ घट्ट बसायला ती बरीच बारीक आणि मऊ हवी. माझी दोरी तुटणार नव्हती, हे खरं. ती नुसती पकडणार नव्हती.

घरी येऊन फोन लावला. ओजीसानकडे मोबाईल नव्हता, घरचा फोन वाजत राहिला. ते आणि त्यांची बायको, दोघंही मळ्यात असणार. सीनियरला लावला तर तोही बंद. त्या शनिवार-रविवारी तो सर्व्हरच्या खोलीत होता आणि तिथे मोबाईल बाहेर जमा करावे लागत. ओजीसान दुपारचं जेवण झालं की झाडावर चढतात हे मला माहीत होतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यांनी सगळा जन्म झाडावर काढला. तुमच्या दोरीनं फसायला ते काय इंजिनिअर आहेत?"

"पण दोरी मी पाठवलीय."

"मग जा. इथे गॅलरी झिजवून ते खाली थोडेच उतरणार आहेत." तिनं दोन पोळ्यांत भाजी गुंडाळून हातात दिली.

प्रवास अडीच-तीन तासांचा. दोनदा गाडी बदलली आणि शेवटी एका डब्याच्या डिझेल गाडीसाठी चाळीस मिनिटं फलाटावर येरझाऱ्या घातल्या. दोन्ही ठिकाणांहून पुन्हा फोन केला. वाजून वाजून थांबला. डब्यात बसल्यावरही राहवेना. वाटलं, आणखी दोन वेढे वाढवले तर दहाची दोरी पकडेलही. खिशातून तुकडे काढले, एक खिडकीशेजारच्या दांड्याला लावला आणि गाठ बांधून ओढून बघू लागलो. बांधायची, ओढायची, सोडायची. समोरची शाळकरी मुलगी उठून दुसरीकडे गेली. मग एक म्हाताऱ्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी मला चघळायला गोळी दिली. घरी आईवडील आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, आहेत, बायकोही आहे. त्या म्हणाल्या, मग लवकर घरी जा, ती वाट बघत असेल. उतरताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फलाटावर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की फास बांधत बसलेल्या परक्या तरुणाकडे बघून त्या माउलीला काय वाटलं असेल. लाज वाटली, पण लाजायलाही वेळ नव्हता.

स्टेशनपासून त्यांचं घर अर्ध्या तासाच्या अंतरावर. बराचसा रस्ता मी पळालो. ओबासान, म्हणजे त्यांची बायको, अंगणात नळाखाली मुळे धूत होती. तिनं आधी दोरांबद्दल माझे आभार मानले. किती छान वस्तू, किती त्रास घेतलास, म्हणाली. ओजीसान कुठे आहेत? मघाशीच घरामागच्या सुगीच्या रानात गेले. मी धापा टाकत काहीतरी सांगितलं, त्यातली घाई तेवढी तिला कळली. कुणी डुक्कर समजून गोळी घालू नये म्हणून तिनं माझ्या अंगात नारिंगी जाकीट चढवलं, डोक्यावर नारिंगी टोपी ठेवली आणि पायवाट दाखवली.

झाडाखाली जाताना बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. डुकराच्या वाटेवर एकदा माणसाचा आवाज झाला की ती दुपार गेली. मी तो नियम मोडला. पायवाटेला लागल्यापासून मी "ओजीसान, मी आहे" असं ओरडत गेलो.

ते वर होते. पट्ट्यात बसलेले, बंदूक मांडीवर आडवी, तोंडावर एक रेषही हललेली नाही. बंदूक बाजूला लटकवून त्यांनी मला हातानं थांब म्हटलं आणि एकेक पाय खोडाला लावत, गाठ सरकवत सावकाश खाली आले. तेवढ्या वेळात मी त्यांच्या गाठीकडेच बघत होतो. मुख्य दोर माझा होता, पांढराशुभ्र, नवा. गाठीची दोरी माझी नव्हती. जुनी, मळलेली, वरच्या विणीचे धागे निघालेली, आणि एके ठिकाणी आतला गाभा दिसत होता.

मी दहाच्या दोरीचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माहीत आहे. काल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसून बघितलं. सरकते."

"मग मला फोन का नाही केला?"

ते पट्ट्याची बकलं सोडवू लागले. मला तिथेच उभ्या उभ्या कारण कळलं. मी एवढ्या लांबून, एवढ्या आपुलकीनं पाठवलेली वस्तू चुकीची आहे, हे ते मला कधीच सांगणार नव्हते. ओबासान आभार मानत राहिली असती, नाताळाच्या सुमारास संत्र्यांची पेटी आली असती, आणि ते सबंध हिवाळा या उसवलेल्या दोरीवर बसले असते. माझा मान राखायला.

"ही दोरी तुटेल," मी म्हणालो.

"एवढा मोसम काढेल."

वडीलधाऱ्यांपुढे मी कधी आवाज चढवलेला नाही. वायरमनच्या मुलाला साहेबापुढे, मास्तरांपुढे, प्रत्येकापुढे खाली बघायची सवय असते. पण मी खाली बघितलं नाही. म्हणालो, "नाही. या दोरीवर तुम्ही परत चढायचं नाही. मी नवी आणेपर्यंत नाही."

माझं जपानी तेव्हा बेताचं होतं. नम्रपणे विनंती करायची लांब रूपं मला नीट येत नसत, त्यामुळे ते वाक्य फारच उघडंनागडं निघालं असणार. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते म्हणाले, "तू दोरी घेतलीस तेव्हा तिच्यावर स्वतः बसला होतास?"

"नाही."

"कशावरून घेतलीस?"

मी तक्त्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "सहा, सात, आठ, तिन्ही आण. इथे आण. आधी तू बसायचं."

पुढचा आठवडाभर मी त्यांना दर संध्याकाळी फोन करून वर चढला नाहीत ना असं विचारत होतो. बायको म्हणाली, स्वतःच्या वडिलांनाही तुम्ही एवढे फोन करत नाही. तिचं खरं होतं, म्हणून एकदा गावीही लावला. खांबावरच्या पट्ट्याची जाडी कशी ठरवायचात, असं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही काय ठरवणार, मिळेल तो घ्यायचो आणि खाली एकदा मागे रेलून बघायचो.

शनिवारी ओजीसाननी मला पट्टा बांधला. माझं वजन त्यांच्यापेक्षा वीस किलो जास्त, म्हणून पट्ट्याची बकलं शेवटच्या भोकापर्यंत गेली. गुडघ्याएवढ्या उंचीवर अकराच्या दोराला सहाची दोरी बांधली. ती चावली, पण इतकी की माझं वजन काढल्यावरही सुटेना, ओजीसाननी पकडीनं ओढून ती मोकळी केली. सात बरी होती. आठची गाठ मऊपणे बसली, वजन पडल्यावर धरून राहिली, आणि अंगठ्यानं ढकलल्यावर वर सरकली. ते म्हणाले, उड्या मार. मारल्या. एका पायावर वळ. वळलो. पाय सोड, सबंध वजन टाक. मी पाय उचलले आणि सुगीच्या खोडाला पाठ देऊन लोंबकळत राहिलो. त्यांनी घड्याळात बघितलं आणि मला पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. मांड्यांना मुंग्या आल्या. गाठ जागची हलली नाही.

मग ते स्वतः चढले. प्रत्येक पावलाला दोर उचलत, गाठ सरकवत, थांबत. दहा फुटांवर पट्ट्यात बसले, बंदूक वर ओढून घेतली. मला खाली बुंध्याशी बसायची परवानगी होती.

मला बसवेना. वरच्या त्या आठ मिलिमीटरच्या वेढ्यांवर माझी नजर होती. जरा वारा आला की वाटे, सरकली. मी या पायावरून त्या पायावर होत होतो, पालापाचोळा वाजत होता.

वरून अगदी हळू आवाज आला, "पाय हलवू नकोस. डुकराला ऐकू जातं."

मी पाय थांबवले. हात थांबेनात, म्हणून ते काखेत घातले. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत मी तसाच मान वर करून उभा होतो. त्या दिवशी डुक्कर आलं नाही. ओजीसान खाली उतरले, त्यांचे दोन्ही बूट मातीला लागले, तेव्हा मी खाली बसलो.