शेजारच्या भिंतीवर पडणाऱ्या पागोळ्या

मी मूळचा घाटाखालचा, कोकणातला. कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात तेव्हा खेड्यापाड्यांत शाळा निघत होत्या आणि मास्तर हवे होते, म्हणून इंग्रजी मुलूख सोडून संस्थानात आलो आणि कागलच्या अलीकडे एका गावात चक्क घर विकत घेतलं. परमुलखात भाड्यानं राहावं, घर करू नये, असं वडीलधारी मंडळी सांगत होती. मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. मास्तरकीत दुसऱ्याच्या चुका काढायची इतकी सवय लागते, की स्वतःची चूक दिसेनाशी होते.

घर धाब्याचं होतं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती पसरून चोपायची, की पावसाळा निभावतो. बायकोला ते काही पटेना.

"डोक्यावर माती घेऊन झोपायला आपण काय मेलोय?" ती म्हणाली.

मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडे छप्पर म्हणजे उतरतं, कौलारू, हातभर पुढे आलेलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात धाबं उतरवून मी तसं छप्पर घातलं. ओटी कोरडी राहावी म्हणून उतार दिला तो बाजूच्या बोळात. 'देश तसा वेश' मी मुलांकडून घोकून घेत होतो, पण स्वतः शिकलो नव्हतो.

बोळ जेमतेम एक माणूस अंग चोरून जाईल एवढा. पलीकडे अक्काची मातीची भिंत. अक्का म्हणजे शेजारची म्हातारी विधवा. मुलगा, सून आणि बैलजोडी असा तिचा संसार, आणि आवाज असा, की तिनं बैलाला हाक मारली तर माझा वर्ग गप्प व्हायचा. कौलं चढत होती तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पावणं, आमच्यात पानी आपल्या दारात पाडत्यात, शेजाऱ्याच्या भिताडावर न्हाय!"

"अक्का, थेंब पडतात हो, दगड नव्हे," मी हसत म्हणालो.

सात वर्षं माझ्या पागोळ्या तिच्या भिंतीच्या पायाशी पडत राहिल्या. दर दिवाळीला ती तिथं नवी माती लिंपायची. मी दर वैशाखात कौलं चाळायचो आणि आपलं छप्पर गळत नाही म्हणून खूश असायचो.

मग घाटाखालच्या एका शाळेत मला जागा मिळाली. आठवड्याभरात हजर व्हायचं होतं. बायको-मुलांना पुढे धाडून मी घराला गिऱ्हाईक शोधलं. एक गुळाचा व्यापारी तयार झाला. पण त्या गावची एक रीत होती. घर विकताना लगतच्या शेजाऱ्यांना ओटीवर बोलवायचं आणि तबकात सुपाऱ्या ठेवायच्या. ज्याची तक्रार नाही त्यानं सुपारी उचलायची. एकानं जरी उचलली नाही, तरी विक्रीचा कागद होत नसे. अक्का उचलणार नाही अशी माझी जवळजवळ खात्री होती.

सुपाऱ्यांच्या दिवशी सकाळी, श्रावणात, एक कौल सरकलेलं दिसलं म्हणून मी बोळात शिरलो. कौल राहिलं बाजूलाच. अक्काच्या भिंतीनं पोट काढलं होतं. पायाशी बोट लावलं तर ते पेरभर आत गेलं. त्याच भिंतीला लागून तिच्या सुनेची बाज होती. बारा दिवसांची बाळंतीण. बाळाचं कुरकुरणं मला भिंतीतून ऐकू येत होतं.

सांगितलं तर गिऱ्हाईक पळणार, गाव भिंत बांधून मागणार, नोकरी हातची जाणार. एवढे दिवस उभी आहे, दुपारपर्यंत राहील, असं मी स्वतःला समजावलं आणि खोकत बाहेर आलो. अंघोळ केली, ओटी झाडली, घोंगडी अंथरली. चोराच्या मनात चांदणं. पलीकडे भांडं जरी वाजलं तरी मी दचकत होतो.

दुपारी माणसं जमली. पाटील, व्यापारी, शेजारी. दोघांनी सुपाऱ्या उचलल्या. अक्का सर्वांत शेवटी आली. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण पागोळ्यांचं प्रकरण सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"सात वर्सं सोसलं," ती म्हणाली, "आता जानाऱ्याची वाट कशाला आडवू?" आणि तिनं सुपारी उचलली.

मला हवं होतं ते मिळालं होतं. गप्प बसलो असतो तर झालं होतं. तेवढ्यात जोराची सर आली आणि बोळात पागोळ्या सुरू झाल्या. तो आवाज मला ऐकवेना.

"अक्का, सुनेला बाहेर काढा!" मी ओरडलो. "भिंत खाली येतेय!"

तिचा मुलगा आणि मी त्यांच्या घरात धावलो. बाळ अक्कानं घेतलं, आम्ही बाळंतिणीला बाजेसकट उचलून गोठ्यात आणलं. चिलीम ओढून व्हावी एवढाच वेळ गेला असेल. भिंत धप्पकन आत पडली, बाज होती तिथंच.

मग माझं कौतुक सुरू झालं. व्यापारी म्हणाला, स्वतःचा सौदा मोडायची पर्वा न करता जो सांगतो, त्याचं घर डोळे मिटून घ्यावं. पाटलांनी कागद करायला सांगितलं.

मी गोठ्यात गेलो. अक्का नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

"पावणं, सकाळच्या पारी बोळात तुमीच हुता न्हवं?"

मी दावणीच्या खुंट्याकडे बघू लागलो.

"मी चुलीम्होरं हुते. तुमचा खोकला मी वळखते की." ती हळू बोलत होती, सात वर्षांत मी तिला हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "मग दुपार कशापायी हू दिली?"

ओटीवर चारचौघे बसले होते. तिनं एक हाक मारली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. तिनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"जावा," ती म्हणाली, "मानसं खोळंबल्यात."

मी गेलो आणि सही केली.