लाखेच्या मागची बाजू

मित्रांनो, संग्रहातली सर्वात दुर्मीळ वस्तू आज हातची जाणार, या धास्तीत होतो.

नारपोलीचे दामूअण्णा पदकांचे साचे कोरायचे. पदक पाडण्याआधी मऊ लाख साच्यावर अंगठ्याने दाबून छाप तपासायचे. तशी एक चाचणीची छाप त्यांनी नव्वदच्या सुमारास मला दिली होती.

अण्णा जाऊन महिना झाला. आज त्यांची मुलगी शैला ती छाप बघायला आली. हातात घेऊन तिने आधी पालथी केली. मागे अण्णांच्या अंगठ्याचा ठसा होता.

“काका, उलटंच ठेवलंय की तुम्ही! बाबा या बाजूला आहेत.”

तिने त्यावर आपला अंगठा टेकवला. मी कसंबसं म्हटलं, “घेऊन जा.”

“नको. आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात वितळेल. फक्त अशी ठेवा.”

तशीच ठेवलीय. इतकी वर्षं मी नेमकं काय जपत होतो?